ज्वारीचे पोहे कॅनडात

१२ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.१०
झोप नाही. रिटायर होऊन चार महिने झाले, हेडक्लार्क अजून अंगातून निघाला नाही. काल पायलचा फोन होता. पायल म्हणजे मोठ्या भावाची पोरगी, कॅनडात किराणा आयात करणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. तिनं आपल्या साहेबाला सत्यवतीचे ज्वारीचे पोहे खाऊ घातले. दुधात टाकून. आवडले म्हणे. नमुन्याचे चाळीस डबे पाठवा, पसंत पडले तर दुकानात ठेवू.
सत्यवती (आमची सौ.) दोन वर्षं झाली हे पोहे करते. अकोल्याला तिचा भाऊ देवमन याच्या मशीनवर ज्वारी चपटी करून आणते आणि इथं अमरावतीत घरी पाकिटं भरते. आत ज्वारी अन् मीठ, बस.
पण एक्सपोर्ट म्हणजे पत्रव्यवहार. आणि पत्रव्यवहार म्हणजे मी. आजपासून मॅनेजिंग डायरेक्टर. सत्यवतीला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान हलवली. बहुतेक होकारार्थी.

१३ जानेवारी
ब्रँडचं नाव फायनल. वऱ्हाडी मॉर्निंग पॉवर.

१५ जानेवारी
पायलचा मेल. तिकडच्या नियमांची अकरा पानं. डब्यावर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा पाहिजेत, पोषणाचा तक्ता पाहिजे. पान तीनपर्यंत वाचलं. तीस वर्षं सरकारी कागद हाताळले. नियम हे ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी असतात. पायल तर घरचीच.

१९ जानेवारी
सकाळच्या एसटीनं अकोला. देवमनच्या मशीनपाशी उभा राहिलो. तो दोनदा म्हणाला, भाऊजी बसा. बसवत नाही, डोक्यात प्लॅन फिरतात. त्याला समजावलं की नुसती ज्वारी फॉरेनर खाणार नाही, गोड पाहिजे. त्यानं विचारलं, ताईले इचारलं का? मी म्हटलं, डायरेक्टर कोण आहे? त्यानं चहा मागवला.

२३ जानेवारी
मोर्शी. संत्र्याच्या सालीची कँडी आणली, पाकात मुरवलेली. पोह्यात निम्मी मिसळली, वरून गुळाचा थर दिला. फर्स्ट क्लास. सत्यवतीनं एक चमचा खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायली आणि काही बोलली नाही. मूकसंमती.

२ फेब्रुवारी
पोषणाच्या तक्त्यासाठी अकोल्याच्या लॅबमधून पोहे तपासून घेतले, रिपोर्ट पायलला पाठवला होता. अपेक्षेपेक्षा मोठी बातमी. आपल्या डब्यावर पुढच्या बाजूला तिकडच्या आरोग्य खात्याचं चिन्ह छापावं लागणार. छापावंच लागणार, असं लिहिलंय. भिंगाचं चित्र आणि शेजारी ‘हाय इन शुगर्स’. हाय म्हणजे उच्च. उच्च प्रतीची साखर. पहिल्याच फटक्यात सरकारी मान्यता.
खाली तिनं लिहिलंय, काका, छापण्याआधी फोन करा. पोरगी अभिनंदन करणार असेल. सवडीनं करू.

६ फेब्रुवारी
पाचशे डबे छापून आले. भिंग मोठं करून घेतलं, सोनेरी. त्याखाली इंग्रजीत ‘मधुमेहावर रामबाण’. मागं फ्रेंच, मोबाइलनं दोन मिनिटांत करून दिलं. शेजारच्या किसनरावांना डबा दाखवला. त्यांनी तो फिरवून फिरवून वाचला. मग म्हणाले, साखर जास्त हेही लिवलं अन् साखरेचं औषध हेही लिवलं? मी म्हटलं, दोन्हीकडचे गिऱ्हाईक धरायचे. त्यांना मार्केटिंगचा गंध नाही.

१० फेब्रुवारी
चाळीस डबे कुरिअरनं रवाना. सत्यवती सकाळपासून चांदूर बाजारला, माहेरच्या लग्नात. तिच्यासाठी थांबलो असतो तर अख्खा दिवस गेला असता.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
पायलचा फोन. सत्यवतीनंही ऐकावं म्हणून स्पीकरवर घेतला. घ्यायला नको होता.
डबे दुकानात गेलेच नाहीत. तिच्या कंपनीच्या तपासणीवाल्यांनी आत अडवले, नष्ट करणार म्हणे. रोगाचं नाव चालत नाही, हे पान पाचवर होतं. फ्रेंचमध्ये मॉर्निंग पॉवरचं ‘सकाळचा वीजपुरवठा’ झालंय. (अर्थ जवळपास तोच.) पायलनं साहेबापाशी शब्द टाकला होता, त्यानं तिला चार लोकांत उभं करून जाब विचारला. आणि शेवटी भिंगाचं निघालं.
“काका, ते बक्षीस नाही. लोकांनी सावध व्हावं म्हणून असते ते.”
सत्यवतीनं चष्मा लावला. डब्याची एकेक बाजू वाचून काढली, फ्रेंचसुद्धा. मग डबा टेबलावर ठेवला.
“दोन वर्सं झाले मी हे पोहे करून राहिली. तुमी मले एक डाव तरी इचारलं का, याच्यात काय टाका लागते अन् काय नाही?”
मी म्हटलं, यावर सविस्तर मीटिंग घेऊ. ती उठून आत गेली. पायल अजून फोनवरच होती. तिनं हळूच ठेवला.

२५ फेब्रुवारी
चारशे साठ डबे पलंगाखाली. दुपारी पडलो, उठलो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो, परत आलो, परत गेलो. खरी चूक मोबाइलच्या फ्रेंचची. तिकडच्या सरकारला खडसावून पत्र लिहावं. मसुदा केला. पत्ता पान अकरावर आहे. पान चारपासून वाचायला घेतलं. सगळं स्पष्ट लिहिलंय.

९ मार्च
पायलनं साहेबाकडून आणखी एक संधी मिळवली. पोहे सत्यवतीचे, ज्वारी अन् मीठ. डबा पांढरा, फ्रेंच तिथली बाई करणार. भिंग नाही. मेल यापुढं काकूच्या नावानं. तुम्हाला सीसीमध्ये ठेवते, म्हणाली.
सीसी म्हणजे देखरेख. वरिष्ठ पद.

२३ मार्च, सोमवार
सत्यवती पहाटेच अकोल्याला गेली, लॅबच्या साहेबांना देवमनसोबत भेटायला. जाताना सांगितलं, गॅसवाला येईन, घरीच राहा. राहिलो. सीसीमध्ये आज काही आलं नाही. मागच्या आठवड्यातही नव्हतं.
दुपारी गॅसवाला आला. सहीसाठी पेन काढून उभा राहिलो. तो म्हणाला, सही नाही लागत, कोड सांगा. कोड सत्यवतीच्या मोबाइलवर जातो. फोन लावला. मागं मशीनचा आवाज, कोणीतरी तिला मॅडम म्हणत होतं.
तिनं चार आकडे सांगितले आणि फोन ठेवला.