पँटचे हाल

८ जून, सोमवार
सत्यानाश. अधिक महिन्यात सासऱ्यांनी मान म्हणून दिलेलं कापड. त्याची नवी पँट. पहिल्याच दिवशी ऑफिसच्या खुर्चीतला खिळा लागून टर्रकन फाटली. जागा लिहिण्यासारखी नाही. फर्निचर आमच्या क्लार्कच्या, प्रशांतच्या चार्जमध्ये. किती वेळा सांगितलं होतं, खिळा ठोक. आणि तो कन्नडमध्ये काय म्हणतो? सर, आता गाळी चलो बरतैति. म्हणजे वारा छान येईल. अख्खं सेक्शन हसलं. सेक्शनच्या साहेब शालिनी मॅडमसुद्धा, फायलीआड.
प्रशांत, तुझे दिवस भरले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नवनगर ते उणकल, मागे फाइल धरून बसमध्ये उभा. सीट रिकामी होती. घरी उत्तराला काही सांगितलं नाही. बायकोला सगळंच सांगायचं नसतं. पँट गादीखाली.
सूड घेणार. मारामारी आमच्या घराण्यात नाही, कागदाने मारणार. कामावर असताना सरकारी वस्तूने आपली वस्तू खराब झाली तर सरकार भरपाई देतं, असं ऐकून आहे. अर्ज टाकला की चौकशी. चौकशीत प्रशांत सापडणार. पैसे नकोत मला. त्याची लेखी माफी हवी. फ्रेम करून टेबलावर ठेवीन.

९ जून
अर्ज लिहिला. कन्नडमध्ये, स्वतः. प्रशांत म्हणाला, सर, एकदा बघू का? आरोपपत्र आरोपीला तपासायला देतात का? शाळा मराठी झाली म्हणून काय, जन्म धारवाडचा. माझं कन्नड ह्यांच्यापेक्षा शुद्ध आहे.

१० जून
अर्ज दिला. मॅडमनी न वाचता वर पाठवला. विश्वास, दुसरं काय.

१५ जून
प्रशांतचा चेहरा उतरलाय. सारखा बाथरूमला पळतो. म्हणे मिरची भजी बाधली. भीती आहे ती. दुपारी त्याने येऊन खुर्चीतला खिळा ठोकला. पुरावा नष्ट करणे. हे वेगळं कलम लागेल.

२२ जून
चौकशी आली. दोन साहेब. मी खुर्ची पुढे केली. बघितलीही नाही. विचारलं, हालु कुठे ठेवता? हालु म्हणजे दूध. मला वाटलं, चहा हवाय. आमचा शिपाई मल्लाप्पा रेकॉर्ड रूमच्या मागे सेक्शनचा चहा करतो, तिकडे मीच उत्साहाने घेऊन गेलो. शेगडी जप्त. दूध जप्त. काही कळेना.

२३ जून
कळलं. कन्नडमध्ये खराब होणं म्हणजे हाळु. माझ्या डोक्यात पँटचे मराठी हाल चालले होते, त्या नादात ळच्या जागी ल गेला. वरच्या साहेबांनी फक्त विषय वाचला: खुर्चीवर झालेल्या दुधाबाबत. शिकलेल्या माणसांनी पुढच्या ओळी वाचायला नकोत? ह्यांचाही सूड घेणार. आधी प्रशांत, मग हे.

२५ जून
ऑफिसात चहा बंद. माझ्याशी बोलणं बंद. मल्लाप्पाला माझी बेल ऐकू येत नाही.
घरी उत्तराला पँट सापडली. अहो, बाबांनी किती हौसेने दिलं होतं, म्हणाली. पँटची नीट घडी करून कपाटात ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जेवण गेलं नाही.

३० जून
नोटीस. कार्यालयात दूध का आणले, खुलासा करावा. मॅडम म्हणाल्या, ह्या वेळी प्रशांतकडून लिहून घ्या. खरं लिहायचं तर पँट नेमकी फाटली कुठे तेही वर कळवावं लागणार. प्रशांत म्हणाला, सर, दूध कबूल करून टाका, मिटेल. त्यानेच लिहिलं. दूध आणलं, चूक झाली, माफी असावी, पुन्हा होणार नाही. मला हवी होती तशीच माफी, त्याच्याच अक्षरात. खाली सही माझी.
सहीआधी त्याने विचारलं, सर, एकदा वाचून बघता?
राहू दे, म्हटलं. तुझं कन्नड चांगलं आहे.