नातीची मेडिकल

सिस्टर, कॉन्व्हेंटमध्ये तुम्ही मला फिजिक्स शिकवलंत; आता माझी नात सतरा वर्षांची आहे आणि तिला पायलट व्हायचंय. हे कळल्यापासून आमच्या लालबागच्या इमारतीत जो तो विमानतज्ज्ञ झालाय. ज्यांना लिफ्टचं दार नीट लावता येत नाही, ते तिला कुठल्या अकादमीत जायचं ते सांगतात. दादरच्या एका करिअर मेळाव्यात टाय लावलेला गृहस्थ म्हणाला, "आधी ॲडमिशन घ्या, बाकी सगळं होऊन जातं." बाकी सगळं म्हणजे काय, असं मी विचारलं, तर त्याने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. पोरीला बाहेर आणून मी फुटपाथवरच सांगितलं, की बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स सोडायचं नाही, गणवेशातल्या फोटोंना भुलायचं नाही, आणि कुठल्याही अकादमीची पायरी चढण्याआधी मेडिकल तपासणी करून घ्यायची. शरीर काय म्हणतंय ते आधी ऐक, मग आकाशाचं बघू.

तिने ऐकलं. गेल्या आठवड्यात मेडिकलचा फॉर्म भरायला बसली आणि एका प्रश्नाशी अडली: पूर्वी श्वसनाचा काही आजार? लहानपणी तिला दमा होता. दहाव्या वर्षापर्यंत दप्तरात पंप असायचा, त्यानंतर कधी लागला नाही. माझी लेक ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "नाहीवर टिक कर." मी म्हटलं, "का?" "आई, सात वर्षं झाली. कोण विचारायला येणार आहे?" "वर गेल्यावर दम लागला तर तू खिडकीतून पंप देणार आहेस?" लेकीने सुरी आपटली. "तुला काय जातंय बोलायला? तिचं सगळं आयुष्य आहे ते!" सिस्टर, मी परळच्या इस्पितळात लॅबमध्ये बत्तीस वर्षं रक्त काढलं. उपाशी आलात ना, असं विचारलं की मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेली माणसं शपथेवर हो म्हणायची. त्या खोट्याचा रिपोर्ट त्यांचा त्यांना भोवायचा. हिच्या मागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसणार आहेत.

तेव्हा तुम्ही आठवलात, आणि ते दिवस डोळ्यांपुढे आले. मी आठवीत आहे. शाळेत डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्यात आणि फळ्यावर अक्षरांचा तक्ता लावलाय. आईने सकाळीच बजावलंय, चष्मा लागला तर तुला कोण करून घेणार? म्हणून रांगेत पुढच्या मुली मोठ्याने वाचतायत ते मी पाठ करते आणि माझी पाळी आल्यावर शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवते. डॉक्टरीणबाई खूश. तुम्ही मात्र माझी फिजिक्सची वही तपासत होतात, फळ्यावरचे तीन मी आठ करून उतरवते हे तुम्हाला ठाऊक होतं. तास संपल्यावर मला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलंत. मला त्यावरचा महिनासुद्धा वाचता येईना. शाळेत सगळं इंग्रजीत चालायचं, तुम्ही मराठी बोलायचात ती फक्त रागावल्यावर, आणि तीही गोव्याची. "डॉक्टरला फसवली गं बाय तू. फळ्याला कशी फसवणार?" शनिवारी मला गिरगावात नेऊन चष्मा तुम्हीच करवून दिलात. काळी, जाड फ्रेम. आईने महिनाभर तुमच्या नावाने बोटं मोडली. मला पहिल्यांदाच कळलं की समोरच्या चाळीतल्या बायकांना चेहरे असतात.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, खरं लिहिलं आणि त्यांनी अनफिट काढलं तर?" मी म्हटलं, "तर अपील करशील. दुसऱ्या डॉक्टरपुढे उभी राहशील आणि त्यालाही हेच सांगशील. तरी नाही म्हणाले तर रडशील आणि दुसरं काम शोधशील. पण रोज विमानात चढताना कुणाला कळेल का, ही भीती सोबत न्यावी लागणार नाही." तिने पेन उचललं, हो या चौकटीत खूण केली आणि खाली वर्षं लिहिली. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी फॉर्म वाचला, जुने कागद मागितले आणि श्वासाची तपासणी सांगितली. ती सोमवारी आहे.

माझं बरोबरच होतं, याबद्दल मला काडीची शंका नाही. पुन्हा प्रसंग आला तरी हेच सांगेन. पण तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. तिने ती खूण केली तेव्हा मला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी वाटलं, काढू देत अनफिट, पोर जमिनीवर तरी राहील. लेक खोटं लिहायला सांगत होती ती पोरीला उडता यावं म्हणून. मी खरं लिहायला लावलं, आणि त्यात तिचा हात धरून ठेवणंही थोडं होतं. नातीला हे अजून सांगितलेलं नाही. सोमवारच्या आधी सांगायला हवं.