टाकी का बदलली

१२ जानेवारी

दादा,

नमस्कार. वहिनीला आठवण सांग, भिंगरीला माझ्याकडून एक टपली. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि तुझी गाडी, इकडे बऱ्या आहोत.

गाडी काल ट्रकवरून उतरवून घेतली. आधी पुसून काढली, मग शिव्या घातल्या. गाडीला नव्हे, तुला. बाबांनी लेकरासारखी सांभाळलेली गाडी आणि कार्बोरेटरमध्ये एवढा गाळ?

तुझा हुकूम कळला. कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचं, कारण तुझी लेक भिंगरी नव्या नोकरीला रोज पहाटे डोंगरावरच्या रुग्णालयात एकटी जाणार आणि गाडीने थंडीत वाटेत रुसायला नको. मान्य. सगळं पत्रातच लिहिते, कारण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस.

खरा प्रश्न इंजिनाचा नाही, टाकी आणि पंपाचा आहे. कार्बोरेटरला घोट घोट पाजलं तरी भागतं. इंजेक्शनला पेट्रोल लागतं दहापट दाबाने, आणि तेही क्षणभर न तुटता. तुझी टाकी आतून मोकळी आहे, एकही आडवी पट्टी नाही. पेट्रोल तळाला गेलं आणि वळण आलं की सगळं एका अंगाला पळतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन गप्प होतं. तेही वळणावर, आत भिंगरी असताना.

नवी टाकी आणणं सरळ, पण तुला बाबांचीच हवी. ठीक आहे. मी ती वरून गोल कापते, आत एक वाटी वेल्ड करते आणि त्या वाटीत पंप उभा करते. वळणावरही वाटीत पेट्रोल टिकतं. शिवाय बुडालेला पंप थंड राहतो, बोंबलत नाही. पार्टवाला शर्यतीच्या गाडीचा पंप माझ्या गळ्यात मारत होता. म्हटलं, नाकापेक्षा मोती जड कशाला? आपल्या इंजिनाला पुरून थोडं उरेल एवढाच दे. मोठ्या पंपाचं जास्तीचं पेट्रोल नुसतं टाकीत परत फिरत राहतं आणि तापतं.

टाकी धुऊन उन्हात ठेवलीय. बाबांची रीत तीच, वास गेला की कापायची. तुला आठवतं? मला उचलून टाकीच्या तोंडाशी धरायचे आणि विचारायचे, "नाकाडे, सांग, आहे का?" मी नाही म्हटल्याशिवाय त्यांनी कधी पत्र्याला हत्यार लावलं नाही. तू जळायचास माझ्यावर.

मागच्या खेपेला तू दुधावरून केवढा बोललास. घरभर करपल्याचा वास आणि ही शेजारी बसून पेपर वाचतेय, म्हणालास. माणसाचं कधीकधी लक्ष नसतं दादा. तेवढ्यावरून "आता गॅरेज विकून टाकू" इथपर्यंत जायची गरज नव्हती. असो.

तुझी
नाकाडी


१९ जानेवारी

दादा,

नमस्कार. घाईत लिहितेय.

टाकी कापायचं रद्द. नवी आणते. आत पट्ट्या असलेली, पंप कारखान्यातूनच आत बसवलेला, वरून एकच झाकण. मागच्या सीटमागे जुन्या जागीच बसेल, मापं घेतली.

बाबांच्या टाकीचा पत्रा आतून गंजलाय. वेल्ड धरणार नाही.

मग पंप बाहेर टांग आणि टाकी तीच ठेव, असं म्हणशील. तेही नाही. बाहेरचा पंप टाकीच्या खालीच बसवावा लागतो, नाहीतर त्याला ओढवत नाही. वर तो दिवसभर भुणभुणतो. मुख्य म्हणजे सांधे वाढतात. टाकीपासून पंप, पंपापासून गाळणी, प्रत्येक सांधा म्हणजे गळायची एक जागा. सांधे कमी तेवढं बरं. पूर्वी मी असं बोलत नसे, उलट "सांधा गळला तर मला आधी कळेल" अशा फुशारक्या मारायचे, ते माहीत आहे. माणूस बदलतो.

शेजारचा शिंपी तुला फोन करीन म्हणत होता. त्याचं मनावर घेऊ नकोस. राईचा पर्वत करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. माझ्या हाताला जरा खरचटलंय, ग्राइंडर निसटला. बाकी काही झालेलं नाही.

भिंगरीची नोकरी नक्की कधी सुरू होतेय ते कळव.

तुझी
नाकाडी


२ फेब्रुवारी

दादा,

काल फोनवर तू म्हणालास, "टाकीला गंज कुठला? मागच्या वर्षी मी स्वतः आतून बघितलीय. खोटं का बोललीस?" मी फोन ठेवून दिला. खरं कारण तोंडाने सांगवलं नसतं, म्हणून लिहितेय.

टाकी धुतली होती, उन्हात वाळवली होती. कापायच्या आधी तोंडाला नाक लावलं. काही नाही. म्हटलं, झाली साफ. ग्राइंडर चालू केला. चाक पत्र्याला टेकणार एवढ्यात शिंपी कुंपणापलीकडून ओरडला, "अहो बाई, काय करताय? इथपर्यंत पेट्रोलचा वास मारतोय!" मी म्हटलं, "तुम्ही तुमची काजं-बटणं बघा." तो मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून धावत आला आणि ग्राइंडरची भिंतीतली पिन उपटली. माझ्या हातून ग्राइंडर सुटला. त्याने टाकीच्या तोंडाशी वाकून पाहिलं आणि खोकत मागे सरला. बुडाच्या शिवणीत पेट्रोल राहिलं होतं, त्याची वाफ भरली होती. मी पुन्हा नाक लावलं. दादा, रिकामा पेला हुंगावा तसं वाटलं.

गेल्या हिवाळ्यातला तो ताप उतरला आणि वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिले. साबण, ग्रीस, जळकं रबर, करपलेलं दूध, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही. कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकं पळाली असती आणि तुला गॅरेज विकायला आयतं निमित्त मिळालं असतं. पेट्रोलच्या कामात नाक गेलेली बाई, हे मला माझ्याच तोंडाने म्हणवत नव्हतं. त्या दिवसापासून मला भीती वाटते. शिंपी त्या वेळी जेवायला गेला असता तर?

टाकी बदलली त्याचं कारण हे. बाबांची टाकी, आत वाफ साचू नये म्हणून, काठोकाठ पाणी भरून मागे ठेवलीय. तिला मी हात लावणार नाही.

गाडी तयार आहे. नाकाशिवाय जे जे बघता येतं ते सगळं बघितलं. पंप चालू करून दाब चढवला, बंद केला आणि काट्यावर डोळा ठेवून बसले. काटा ढळला नाही. सांध्यासांध्यावर खडूची पूड टाकली, जरा जरी झिरपलं तरी ती काळवंडते. दुसऱ्या दिवशीही पांढरीच होती. टाकीत तळाशी थोडंच पेट्रोल ठेवून चढावरची सगळी वळणं घेतली, गाडी एकदाही अडखळली नाही. शिंप्याला हुंगायला बोलावलं. पण त्या दिवसापासून त्याला चहालासुद्धा पेट्रोलचा वास येतो. एकदा हो म्हणतो, एकदा नाही.

म्हणून तू ये. भिंगरीला आणू नकोस, आधी एकटा ये. गाडी दिवसभर बंद ठेवते, काचाही बंद. तू दार उघड, मागच्या सीटवर बस आणि वास घे. वास आला तर गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे ने. गॅरेजची किल्ली मी त्याच दिवशी तुझ्या हातात ठेवते, एक शब्द न बोलता. नाही आला तर भिंगरी ही गाडी नेईल आणि विकण्याचा विषय तू पुन्हा काढणार नाहीस.

एवढंच मागते, खरं सांग. माझ्यावरच्या रागाने "वास येतो" म्हणू नकोस. आणि माझी दया येऊन "नाही" तर अजिबात म्हणू नकोस, आत तुझी लेक बसणार आहे. तू जे सांगशील ते मला पडताळून बघता येणार नाही. बाबा माझ्या एका शब्दावर पत्र्याला हात घालायचे, तशी मी तुझ्या शब्दावर गाडी सोडीन.

सिगारेट फाटकाबाहेर विझवून ये.

तुझी
नाकाडी