पुणतांब्याला जायचंय आणि पट्टा घसरतोय

६ ऑक्टो., सोम. केडगाव
रविवारी पुणतांब्याला ग्रामसभा. वाचनालयाची खोली दुकानाला द्यायचा ठराव येतोय. उपसरपंच म्हणतात, खोली रिकामीच पडलीय. रिकामी? मग भरू की! तिथंच घरोघर हिंडून जमवलेली पुस्तकं पेट्यांत बांधून तयार. सभेआधी ट्रक खोलीपुढे उभा, पेट्या आत, मी माईकवर. आनंदानं दोन घास जास्त गेले.
ट्रक रफिकभाईंचा. माझ्या सभांना कायम तोच. मागचा फाळका पाडला की व्यासपीठ तयार. आज पेट्या चढवायला आणला तर इंजिन असं किंचाळलं की शेजारची गाय दावं तोडायला निघाली.
"पट्टा घसरतोय, ताई. साबण लावतो, गप बसंल."
बसला. कोपऱ्यापर्यंत.

७, मंगळ.
इंजिनाच्या तोंडाशी हा एकच पट्टा. पाण्याचा पंप, पंखा, बॅटरी भरणारा अल्टरनेटर, सगळं त्याच्यावर. घसरत राहिला तर इंजिन तापणार आणि रविवारी आम्ही राहुरीच्या आसपास रस्त्याकडेला, पेट्यांवर बसलेले. नको!
रफिकभाई पुन्हा साबण घेऊन हजर. म्हटलं, ओरडणाऱ्याचं तोंड दाबू नका, तो का ओरडतोय ते बघा. जन्मभर मी दुसरं काय सांगत आलेय? त्यावर ते,
"ताई, इथं सभा न्हाई. पाना धरा."
धरला. जुना पट्टा आरशासारखा गुळगुळीत झालेला. नवा घातला.
नवाही ओरडतो!!

८, बुध.
ट्रकचं जुनं हिंदी मॅन्युअल दुपारभर वाचलं. काय गद्य आहे! एक विशेषण फुकट नाही. त्यात दिलंय तसं चालत्या पट्ट्यावर लांबून पाणी शिंपडलं. आवाज वाढला. म्हणजे घसरणच, पट्टा ज्यांवरून फिरतो त्या पुल्या एका रेषेत आहेत. मग ताण. रफिकभाई पहार लावून अल्टरनेटर ओढायला लागले. मी अडवलं, इतका ताणला तर बेअरिंग जाईल. ते रुसले. चहा पाजला. मग अंगठ्यानं दाबून जेवढा दबायला हवा तेवढाच ठेवला.
आवाज कमी, पण आहे. आता हे कोडं सुटल्याशिवाय मला चैन नाही. भाषणाची तयारी तशीच पडून.

९, गुरु.
सापडलं!!!
गाडी थंड असताना पुलीच्या खाचेत बोट घातलं. नख लावलं तर लाल पापुद्रा निघाला. रंग. दसऱ्याला रफिकभाई गाडी नटवतात. यंदा फाळका रंगवून उरलेला ऑइलपेंट पुल्यांना दिला, खाचांसकट. पट्ट्यानं धरायचं कुठे?
मी बघत राहिले. ते इंजिनाकडे बघत म्हणाले,
"लई भारी दिसत हुतं पण."
तारेच्या ब्रशनं दोघांनी सगळ्या खाचा खरवडल्या. लाल भुकटी साडीवर, त्यांच्या दाढीत. रॉकेलनं पुसलं, कोरडं केलं, पट्टा चढवला, चावी फिरवली. एकदम चिडीचूप. मी रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. लोक बघत होते. बघू देत.

१०, शुक्र.
फार लवकर वाजवल्या.
रंगीत तालीम. फाळका पाडला, माईक घेतला. "पुणतांबेकरहो, ही खोली", एवढं बोलले आणि इंजिन किंचाळलं. माईक बंद, इंजिन शांत. माईक सुरू, किंचाळी. रफिकभाई टायरवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले.
"तुमचं भाषण त्याला वढवंना, ताई."
खरंच आहे. मोठा ॲम्प्लिफायर, चार कर्णे, वर हॅलोजन. सगळं अल्टरनेटरवर, उभ्या गाडीत इंजिन मंद, ओझं पूर्ण, आणि पट्टा सुटतो. हॅलोजन काढले. तरी थोडं होतंच. इंजिन बंद ठेवावं तर बॅटऱ्या म्हाताऱ्या. पंचायतीतून वीज घ्यावी तर बटण उपसरपंचांच्या हाती.
कर्णे उतरवले. माईकशिवाय उघड्यावर कधी बोलले ते आठवत नाही. उत्साह म्हणावं की धडधड...

१२, रवि. पुणतांबा
पोचलो! इंजिनाच्या तापमानाचा काटा सगळ्या वाटेत मधोमध. बाभळेश्वरच्या पुढे रफिकभाई गुणगुणायला लागले, तसा मीही श्वास सोडला.
खोलीला कुलूप. किल्ली उपसरपंचांकडे, आणि ते म्हणे ग्रामसभा संपल्याशिवाय देणार नाहीत. पेट्या ओट्यावरच उतरवल्या.
सभा ओट्यापुढेच. उपसरपंच हसत म्हणाले,
"ताई, कर्णे कुठायत? का आवाज बसला?"
लोक हसले. मीही. मग बोलले, नुसत्या घशानं. पारावरच्यांना ऐकू येईना, तर ते उठून जवळ आले. मग मागचे आले. शेवटी गर्दी अगदी पेट्यांना टेकली. मी बोलत असतानाच एका आजीबाईंनी पेटीचं झाकण उचललं आणि शेजारणीला दाखवून म्हणाल्या,
"हे तर माझंच पुस्तक. नाव हाय बघ माझं."
यानंतर माझं कोण ऐकतंय! चार पेट्या उघडल्या गेल्या.
ठरावावर हात वर झाले. दोन्हीकडे बरेच. ग्रामसेवक म्हणाले, मोजणी नीट होत नाही, दिवाळीनंतर पुन्हा सभा. उपसरपंच किल्ली बोटात फिरवत गेले.
पेट्या परत चढवायच्या का, रफिकभाईंनी विचारलं. मी ओट्याकडे पाहिलं. सातआठ जण पुस्तकं घेऊन पायरीवर बसलेले, आजीबाईंनी चष्मा लावलेला.
म्हटलं, राहू देत. ताडपत्री तेवढी द्या.
त्यांनी गाडी चालू केली. दोघांनी कान लावले. पट्टा गप्प. खोलीची किल्ली उपसरपंचांकडेच.