सुमेरमलशेठच्या घराची सविस्तर तपासणी

३ मार्च १९३५, रविवार
रतिलालने स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात माझ्याविषयी सांगितलेली हकीकत चुकीची आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, "दाजींनी सुमेरमलशेठचं घर पाहिलं, घाबरले आणि पळाले." रतिलाल हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, कापसाच्या पेढीवरील कारकून. खरा प्रकार असा: मी घर पाहिले, तुळईवर काठीने ठोकले, आवाज संशयास्पद आला, म्हणून विचार करण्यासाठी परत आलो. घाबरण्याचा संबंध नाही. चालण्याचा वेग नेहमीचाच होता.

घर मला घ्यावयाचे आहे. परंतु संपूर्ण तपासणी झाल्याखेरीज नाही.

५ मार्च
सौ. धनुबाईची कुरकुर. पेन्शन सुरू झाल्यावर स्वतःचे घर घेईन, असे वचन मी तिला दिले होते. वचनाला मुदत दिली नव्हती, हे ती विसरते. आम्ही राहतो त्या भाड्याच्या दोन खोल्यांत मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येत नाही. तिच्या सासूबाई पाठवीत नाहीत. म्हणतात, तिथे पोरींनी झोका बांधायचा कोठे, फेर धरायचा कोठे? तीन वर्षे अशीच गेली.

आज सौ. म्हणाली, "तुम्हले घर लेनं शे का त्यानी परीक्षा लेनी शे?" 

मी शांतपणे सांगितले की यंदाच्या आखाजीला मुलगी आपल्या घरात झोका घेईल. हा शब्द आहे.

१० मार्च, सकाळी
पहिली रीतसर तपासणी. उत्तरेच्या भिंतीला तडा. माझी करंगळी आत गेली. स्वयंपाकघराची जमीन मोरीच्या उलट बाजूस उतरती. तांब्याभर पाणी ओतून सिद्ध केले. पाणी सुमेरमलशेठच्या जोड्यांपर्यंत गेले. शेठ अत्यंत नम्र मनुष्य. म्हणाले, "गुरुजी, आपली नजर म्हणजे सोनाराचा काटा. अजून काय दिसतं ते सांगा."

शाळेत मास्तर असताना दरवर्षी तपासणीला डेप्युटीसाहेब येत, फळ्यावरून बोट फिरवीत, आणि मी खडूची धूळ पाहत उभा राहत असे. आज बोट माझे होते. फार समाधान वाटले.

डाव असा: दोष जितके जास्त, तितकी किंमत उतरेल. शेठला अद्याप कल्पना नाही.

१७ मार्च
तडा बुजवलेला आढळला. जमिनीचा उतारही फिरवला आहे. आज चौकटीत वाळवी दाखवली. उखा गवंडी म्हणाला, "शेठनी सांगेल शे, गुरुजी जठे बोट लावतीन, तठे काम करा." 

माझ्या शब्दाला असा मान नोकरीत कधी मिळाला नाही. किंमत मात्र शेठ अजून उतरवीत नाहीत. आणखी दोष शोधावे लागतील.

२४ मार्च
म्हसावदहून जावई सुकलाल आले. घराची चौकशी फार आस्थेने केली. माझ्याबरोबर तेथे येऊन टेपचे दुसरे टोक धरले. "मामा, आडाचं पाणी गोडं का खारं? मामा, बैलजोडी मागं मावेल का?" मी बैलजोडी ठेवणार नाही, तरीही प्रश्न बुद्धीचा होता. तरुण पिढीत जिज्ञासा उरलेली नाही, हे माझे मत अंशतः मागे घेतो.

परसातील कडुलिंबाची मुळे पायाला धोकादायक आहेत, सबब झाड तोडावे, असे मी सांगितले. शेठनी प्रथमच माझे बोलणे टाळून सुकलालांकडे पाहिले. सौ. मात्र घरी आल्यावर खूप बोलली. झोका बांधण्यासाठीच ते झाड हवे होते म्हणे.

२८ मार्च
झाड तोडलेले नाही. माझी आज्ञा प्रथमच डावलली गेली. नोंद घेतली.

४ एप्रिल, पाडवा
छताची परीक्षा. धाब्यावर स्वतः चढलो, पाच घागरी पाणी वर मागवले, ओतले आणि थांबलो. खाली सुमेरमलशेठ, रतिलाल व जावई बैठकीत बसले होते. त्यांना हाक मारून विचारले, "गळते काय?" रतिलाल ओरडला, "नाही दाजी, बिनघोर ऱ्हा! घाई नका करू, घर काय पळी ऱ्हायनं का?" त्याच्या तोंडून प्रथमच सुज्ञ सल्ला. काही वेळाने वर पेढे पाठवले. सणाचे असावेत.

उन्हाने डोके दुखले. छत उत्तम.

९ एप्रिल
सौ. आजकाल घराविषयी एक शब्द विचारीत नाही. माझ्या पद्धतीवर तिचा विश्वास बसला. उशिरा का होईना.

२० एप्रिल
निर्णय पक्का. घर पात्र. दरवाजाची उंची कमी, एवढा एकच दोष हाती राहिला आहे. त्यावर किंमत उतरवून घेईन. उद्या सकाळी स्नान करून शेठकडे जातो. सौ.ला आधी सांगत नाही. तिला आनंदाचा धक्का बसावा.

२१ एप्रिल, दुपारी


दाराला तोरण होते. शेठ म्हणाले, "घर तर पाडव्यालाच विकलं, गुरुजी. सुकलालभाऊंना. कापसाच्या धंद्यासाठी त्यांना शहरात बिऱ्हाड हवं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं? सगळं काम तर तुमच्याच देखरेखीखाली झालं!" 

मी दरवाजाच्या उंचीबद्दल बोललो. ते हसले. मग हात जोडून म्हणाले, "माझं आणखी एक जुनं घर आहे. तेही एकदा नजरेखालून घालाल का?"

बाहेर पडताना दरवाजाला डोके आपटले.

२१ एप्रिल, सायंकाळी
सर्वांना ठाऊक होते. जावयाने माझ्या टेपने स्वतःचे घर मोजले. मेहुण्याने व्यवहार जुळवला. ज्या शेठला मी नम्र म्हटले, त्याने माझ्या डोळ्यांनी घर दुरुस्त करून चढ्या भावाने विकले. आणि सौ.! म्हसावदला निरोप तिनेच धाडला होता.

विचारले, मला का सांगितले नाही? म्हणाली, "सांगती, तं तुम्ही जावाईलेबी तपासाले बसतात." 

मी म्हटले, हा विश्वासघात आहे. ती भाकरी थापायची थांबली. "तीन आखाज्या गयात. मन्ही पोर उनी नही. आते हाक मारी तं तिले ऐकू येई. तुम्हना शब्दनी मी कितला दिन वाट देखू?" 

 

२२ एप्रिल
संकल्प: १. त्या घरात पाऊल ठेवणार नाही. २. रतिलालशी बोलणार नाही. ३. दुसरे, अधिक चांगले घर आखाजीपूर्वी घेईन.

३० एप्रिल
संकल्प क्र. ३ साठी दोन घरे पाहिली. दोन्ही नापास.

६ मे
आखाजी काल झाली. रतिलालने पुन्हा चहाच्या दुकानात तारखांचा घोळ घातला आहे. सत्य पुढीलप्रमाणे:

१० मार्च: या दिवशी मी घर "नाकारले" असे तो सांगतो. चूक. मी ते कधीही नाकारले नाही. घेतलेही नाही, हे खरे.

४ एप्रिल: मी नाद सोडल्यावर इसार दिला गेला, असे तो सांगतो. चूक. त्या वेळी मी त्याच घरात उपस्थित होतो. छतावर होतो.

२१ एप्रिल: मी शेठच्या दारात रडलो, असे तो सांगतो. डोक्याला मार लागला होता.

५ मे: मुलगी आखाजीला माहेरी आली, असे तो सांगतो. चूक. गेलो ते आम्ही. मी ओट्यावरच बसणार होतो. बाप लेकीच्या घरचे पाणी पीत नाही, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे; तो तिने मोडायला लावला, असेही रतिलाल सांगत फिरतो. हेही चूक. तिने मला काहीच दिले नव्हते. ती लिंबाखाली पोरींना झोका देत होती, आणि तिची आई बाजूला उभी राहून गात होती. सौ.चे गाणे मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

पाणी मी मागितले. आत जाऊन.