भंगारात द्या म्हणालो ते रेडिओबद्दल

तीर्थरूप मामांना भाच्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरलीय आणि तुम्हाला यापुढे एक अक्षर खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.) प्रकृती बरी असावी. गुडघा काय म्हणतो? मामी गेल्यापासून जेवणाचं काय करता, हे विचारायचा मला हक्क उरलेला नाही, तरी विचारतो.

फोन तुम्ही ठेवून देता, म्हणून हा कागद. आपण दोघं जुन्या रेडिओवाल्यांच्या एकाच मंडळात, पण मी मेलिंग लिस्टवर, म्हणजे पत्रं ईमेलनं घरी येतात, आणि तुम्ही न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या फलकावर जाऊन वाचता. इकडची पत्रं तिकडे नेणारा मधला पूल सांभाळतात ते निवृत्त तारमास्तर. प्रत्येक पत्राला एक क्रमांक असतो आणि उत्तराच्या कपाळावर ते कोणाला दिलंय त्याचा क्रमांक असतो. तारमास्तरांचं यंत्र पूल ओलांडणाऱ्या पत्राला नवाच क्रमांक देतं. (चौकीवर नाव बदलून घ्यावं तसं.) मागून माझं उत्तर बापाचा, म्हणजे मूळ पत्राचा, इकडचा क्रमांक विचारत येतं, तर त्या नावाचं तिथं कोणीच नाही. मग न्यूजग्रुप दयाळूपणे त्या पोरक्याला त्याच शीर्षकाच्या सगळ्यात ताज्या पत्राच्या मांडीवर बसवतो.

तुमच्या न्यूजग्रुपवरच्या एका शिंप्यानं बंद पडलेल्या रेडिओबद्दल ‘काय करावं?’ अशा शीर्षकाचं पत्र टाकलं. मी त्याला लिहिलं की पुष्कळ वर्षं साथ दिली, आता जीव अडकवू नका, तारा काढा आणि भंगारात द्या. नेमकं त्याआधी थोडा वेळ तुमचं पत्र आलं होतं, मामी शुद्धीवर येत नाही, नळ्या लावल्यात, असं. शीर्षक तेच, ‘काय करावं?’ (दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला दुसरं शीर्षक सुचणार तरी कुठलं?) आणि माझं उत्तर, माझ्या सहीसकट, तुमच्या पत्राखाली जाऊन बसलं.

तुमचं पत्र मागाहून वाचून मी मामीची चौकशी करायला फोन केला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “भंगारवाला आला का, हे विचारतोयस?” मला काही कळेना. कळल्यावर मी लगेच खुलासा पाठवला की तुम्ही समजता तसं मला म्हणायचं नव्हतं, कृपा करून आशा सोडू नका. तोवर शिंप्यानं आभाराचं पत्र टाकलं होतं, त्यामुळे खुलासा त्याच्या मांडीवर. तो बिचारा भंगारवाल्याला दारातून परत पाठवून रेडिओ पुन्हा उघडून बसला. तुम्हाला माझ्याकडून काहीच आलं नाही. मामी गेल्याचं आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं.

तारमास्तरांच्या घरी जाऊन भांडलो. ते चहा ओतत शांतपणे म्हणाले, “पत्र पोचलं ना? कोणाला लागलं ते मी कसं बघणार?” चहा प्यालो आणि निघालो.

आपला,
भाचा

ता. क. खुलासा पटला नाही तरी चालेल, तो या पत्राचं निमित्त आहे. आईला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर आता आकडे सांगत नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवतात. दार वाजलं की ती “दादा का?” विचारते. काल मी हो म्हणालो. तिनं महत्प्रयासानं मान वळवली, तर नर्स होती.

दुसरा ता. क. माझ्याशी बोलू नका. तुम्ही आत असाल तोवर मी जिन्यात थांबेन.