भिंतीपलीकडचे आंबे

अकोला, १६ मे २००६, संध्याकाळ

आज ऑक्सिजन तपासताना यंत्राच्या कागदावरची रेघ ॲसिटिलीनच्या जागी सरळ गेली, म्हणजे तो वायू नाही. चांगलंच झालं, हा वायू ऑक्सिजनमधे साचला तर प्लँट फुटतो. मग मन कावून उदास?

हमीदभाई आठवला. प्लँटमधे झाडू मारता मारता मी हे यंत्र शिकलो, तेव्हाची गोष्ट. एका मे महिन्यात त्याच जागी रेघेनं टोक काढलं. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलं. मले मात्र कारबाइडचा वास आला. भिंतीपलीकडच्या गोदामात हमीदभाई कारबाइडनं आंबे पिकवायचा, त्यातून हाच वायू निघतो, अन् आमचा प्लँट तिथूनच हवा ओढायचा.

"मास्तर, तुमची मशीन माह्या आंब्याचा वास घेऊन राहिली का?" तो हसला.

"हो. अन् अशीच घेत राहिली तं आपण दोघंही उडू."

त्याचं हसू गेलं. कारबाइडच्या पुड्या काढून त्यानं त्याच दिवशी गवताची अढी लावली. आंबे उशिरा पिकले, भाव पडला. तरी पहिली पाटी माझ्याच घरी आली.

औंदा गोदामाले कुलूप आहे. हमीदभाई थंडीतच गेला.

रेघ सरळ आहे. तरी निघताना भिंतीपाशी थांबून वास घेतलाच. नुसती धूळ.